पिसांची माशी : गळाची माशी घरी बांधण्याचा पहिला धडा

ह्या स्मरणिकेत ‘हाताने करावयाचे काही’ असा एक लेख असावा, अशी सूचना कार्यकारी मंडळाच्या बैठकीत निघाली, तेव्हा भरतकाम आणि लोणची-मुरंबे हे विषय आधीच वाटले गेले होते. आमच्या वाट्याला जो विषय आला तो आमच्याच तोंडून निसटलेल्या एका वाक्यामुळे. सुटीच्या दिवसांत सभागृहामागच्या पडवीत चार-सहा मुलांना घेऊन आम्ही पिसांच्या माश्या बांधीत बसतो, असे आम्ही सहज बोलून गेलो, आणि संपादकांनी ते धरूनच ठेवले.

नर्मदामाईच्या मुलखात राहून, महोत्सवाच्या अंकात, मासे धरण्याचे शिक्षण! काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील हे आम्ही जाणून आहो. आमच्या घरातही ह्या प्रश्नाचा पुरता निकाल अद्याप लागलेला नाही. तथापि माशी बांधणे आणि मासा मारणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पडवीत बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांनी तरी अजून पाण्यात दोर टाकलेला नाही, आणि त्यांचे त्यावाचून काही अडलेलेही नाही. उरलेल्यांविषयी पुढे बोलू.

आधी माशी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. बारीक गळाच्या दांडीवर दोरा, पिसे, लोकर किंवा जर गुंडाळून एखाद्या किड्याचा आभास निर्माण करावयाचा, त्याला गळाची माशी म्हणतात. गांडूळ किंवा कणकेची गोळी ही खरी आमिषे. माशी हे खोटे आमिष. तिला वास नाही, चव नाही. मासा फसतो तो केवळ डोळ्यांनी, म्हणून ती त्याच्या डोळ्यांसाठी बांधावी लागते, आपल्या नव्हे. हा भेद नवशिक्याच्या ध्यानात फार उशिरा येतो. दुकानात काचेखाली मांडलेली रंगीबेरंगी माशी पाहून माणूस भुलतो. मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

ही युक्ती जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. नदीवर एक विशिष्ट किडा उडे, मासे तो टिपीत. पण तो किडा हातात धरला की त्याचा रंग जाई. म्हणून ते लोक गळावर तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधीत. अठराशे वर्षांनंतर आमच्या पडवीत ह्याहून फारसे वेगळे काही चालत नाही. इंग्लंडात १४९६ मध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत बारा माश्या बांधण्याची कृती आहे. ती ज्युलियाना बर्नर्स ह्या बाईंच्या नावावर सांगितली जाते.

आपल्याकडेही ह्या विषयाची अगदीच उपेक्षा झालेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींमध्ये त्याने ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरणच घातले असून त्यात माशांच्या जाती, काठी, दोर, गळ आणि आमिषे ह्यांचा बारकाईने विचार केला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून छापला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ मध्ये त्यातील ह्या प्रकरणावर निबंध लिहिला. सोमेश्वराच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत होता, तेव्हा गळ टाकणे हा साहेबाने आणलेला चाळा, असे म्हणणाऱ्यांना आम्ही सोमेश्वराकडे पाठवितो. पिसांची माशी मात्र इकडे साहेबाबरोबर आली, हे कबूल केले पाहिजे. मद्रास इलाख्यातील एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर मोठे पुस्तक लिहिले आणि महसीर माशाचे नाव सातासमुद्रापार नेले. काश्मिरात १९०० साली विलायतेहून ट्राउटची अंडी आली, आणि तिकडे तर माशीवाचून चालेनासे झाले.

महसीर म्हणजे नर्मदेतला आपला बाडस. सातवास, कन्नौद, खातेगाव ह्या बाजूच्या जुन्या मंडळींना त्याची ओळख करून द्यावयास नको. सोनेरी झाक असलेले मोठमोठे खवले, जाड ओठ, आणि वाहत्या पाण्याविरुद्ध चढण्याची विलक्षण ताकद. दक्षिणेकडच्या नद्यांत त्याचा भाऊबंद राहतो. त्याला शास्त्रीय नाव कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून दिले. महाडजवळ वाळण कोंड येथे आणि वाड्याजवळ तिळसे येथे ह्याच कुळातले मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. त्यांना कोणी धरीत नाही, लोक चुरमुरे घालतात. लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावाकाठी महसिराची पैदास १९७० नंतरच्या दशकापासून करण्यात आली आणि तेथील पिले देशभरच्या पाण्यांत सोडली गेली.

आणि आपल्याकडे? होशंगाबादेपासून खालपर्यंत नर्मदेतील माशांची पाहणी सरकारी शास्त्रज्ञांनी १९५८ ते १९६६ ह्या काळात केली, तेव्हा बाडस हा नदीतला एक प्रमुख मासा होता. मध्यप्रदेश शासनाने महसिराला राज्याचा मासा म्हणून २०११ मध्ये मान दिला. मान मिळाला तोवर मासा दिसेनासा झाला होता. हरसूद गाव २००४ मध्ये उठले, पुनासाचे इंदिरासागर धरण २००५ मध्ये पुरे झाले, त्याखाली ओंकारेश्वरचे धरण झाले, धाराजीचा धबधबा पाण्याखाली गेला. वीज आली, कालवे आले, त्यांची गरज होती हे नाकारता येणार नाही. पण बाडस हा वाहत्या, खडकाळ, स्वच्छ पाण्याचा जीव. वाळू-गोट्यांच्या तळावर, पुराच्या दिवसांत तो अंडी घालतो. एका म्हाताऱ्या नावाडीकाकांना आम्ही विचारले, “काका, बाडस दिसतो का हो अलीकडे?” ते म्हणाले, “भाऊसाहेब, नदी चालत होती तोवर तो चालत होता. आता ती बसली.” ह्याहून अधिक आम्हांस कोणी सांगितलेले नाही. चोरल नदीत महसिराची वाढ करण्याचा प्रयत्न बडवाहच्या वनविभागाने हाती घेतला, एवढीच त्यातल्या त्यात आशेची गोष्ट.

हे सारे माशीच्या धड्यात कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या वडिलांनी बांधलेल्या सतरा माश्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आमच्याजवळ आहेत. सगळ्या मोठ्या गळाच्या, बाडसासाठी बांधलेल्या. डबा मुलांपुढे उघडला की पहिला प्रश्न येतो, “आजोबा, हा मासा कुठे आहे?” मग वरचे सगळे सांगावेच लागते. असो.

आता कामाकडे वळू. हत्यारे फारशी लागत नाहीत आणि महाग तर मुळीच नाहीत. गळ घट्ट धरून ठेवण्यासाठी एक लहान शेगडा हवा. इकडे त्याला बांक म्हणतात. सायकल दुरुस्तीवाल्याकडचा किंवा सोनाराकडचा जुना हातशेगडा टेबलाच्या कडेला आवळला की झाले. कशिद्याची टोकदार कात्री, एक जाड सुई, कपडे वाळत घालावयाचे दोन लाकडी चिमटे, आणि मेणाचा खडा. चिमटे कशाला ते पुढे कळेल. मेण मधमाश्यांचे असावे, मेणबत्तीचे नव्हे. मेणबत्तीचे मेण दोऱ्यावर धरत नाही, भुगा होऊन पडते.

गळ पहिल्या धड्यासाठी दहा नंबरचा घ्यावा. गळांचे नंबर उलटे चालतात, म्हणजे नंबर वाढला की गळ लहान. सोळा नंबरचा गळ ज्वारीच्या दाण्याशेजारी ठेवला तर शोभेल इतका असतो. त्यावर नवशिक्याने हात चालवू नये, डोळे दुखतात आणि मन विटते. विकत घेताना प्रत्येक गळाचे नेढे पाहावे. तार वळवून नेढे केलेले असते, ते दांडीला पुरते टेकले आहे की मध्ये फट राहिली आहे, हे नखाने चाचपावे. फट असली तर तो गळ बाजूला टाकावा. हे वाक्य आम्ही उगाच लिहिलेले नाही, कारण पुढे येईल.

सामानाची मौज आपल्या भागात इतकी आहे की परदेशी पाकिटे मागविण्याचे कारण नाही. मोराचे पीस शेतात, बांधावर सापडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला पूर्ण संरक्षण आहे. आपोआप गळलेले पीस उचलून ठेवण्यास आडकाठी नाही, पण पिसासाठी पक्ष्याला हात लावणे हा गुन्हा आहे, आणि ती पिसे देशाबाहेर पाठविण्यासही मनाई आहे. मुलांना हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. कोंबड्याची पिसे गावात हवी तितकी. काळ्या माशीसाठी झाबुआकडचा कडकनाथ नामी. त्याच्या मानेच्या पिसाला काळ्यात हिरवी झाक असते. ह्या कोंबड्याला २०१८ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला, तेव्हापासून त्याचा भाव वाढला आहे, पण खाटकाकडे पिसे अजून फुकट मिळतात. एक लक्षात ठेवावे : कोंबड्याचे पीस ताठ, कोंबडीचे मऊ. जी माशी पाण्यावर तरंगावयाची तिला कोंबड्याचे. जी पाण्यात बुडून चालावयाची तिला कोंबडीचे.

पूर्वीच्या विलायती माश्यांत राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस फार वापरीत. त्यावर लाखेचा थेंब पडल्यासारखा पिवळसर चकचकीत ठिपका असतो. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला आणि दक्षिणेतला. स्कॉटलंडच्या माशांसाठी त्याच्या माना पेट्या भरून जात. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. वडिलांच्या डब्यातल्या दोन माश्यांवर तसे पीस आहे; ते कोठून आले हे विचारावयाचे राहून गेले. आम्ही ते कधी वापरीत नाही. साध्या कोंबडीच्या पिसावर पिवळ्या नखपॉलिशचा ठिपका दिला की काम भागते. ही युक्ती पडवीतल्या एका मुलीची.

जर आणि रेशीम ह्यांविषयी तर काय सांगावे! अहिल्याबाईंनी महेश्वरास विणकर वसविले तेव्हापासून ह्या नदीकाठी रेशीम आणि जर घरोघर आहे. फाटलेल्या महेश्वरी लुगड्याच्या काठातून जरीची तार उसवून घ्यावी. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, तिच्यावर सोन्याचे पाणी. ती जुनी झाली की जराशी काळवंडते, आणि माशीला तोच रंग अधिक खुलतो. बाजारातली नवी प्लॅस्टिकची जर नको तितकी चमकते. अर्थात लुगडे उसविण्यापूर्वी घरातल्या बायकांची संमती घ्यावी. आम्ही एकदा घेतली नव्हती.

पहिल्या धड्यासाठी आम्ही नेहमी एकच माशी घेतो : मोरपिसाचे अंग, जरीचा वेढा आणि काळ्या पिसाची गळपट्टी. ती बुडणारी माशी आहे. पाण्यातल्या पुष्कळ किड्यांची तिच्यात थोडीथोडी छाया आहे, नेमकी कोणाची म्हणून नाही. त्यामुळे चुकीला जागा आहे.

सर्वांत आधी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मग गळाचा बाक शेगड्यात आवळावा, दांडी आडवी, नेढे उजव्या हाताला. वीतभर नव्हे, चांगला हातभर रेशमी दोरा घेऊन मेणावरून दोनदा ओढावा. नेढ्यामागे थोडी जागा सोडून दोरा दांडीवर धरावा आणि आपल्यापासून पलीकडे असे वेढे घेत जावे; पहिले पाच-सहा वेढे दोऱ्याच्या मोकळ्या टोकावर पडले की ते आपोआप आवळले जाते, गाठ लागत नाही. वेढ्याला वेढा चिकटून बाकापर्यंत जावे. येथे दोरा हातातून सोडला तर सगळे उलगडते; म्हणून दोऱ्याच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावून तो खाली लोंबत सोडावा. त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. ह्या कामासाठी नळीचे छोटे यंत्र विकत मिळते, ते चांगलेच असते. पण चिमट्यावर शिकलेल्या मुलाला दोऱ्याचा ताण बोटांनी कळतो, असा आमचा अनुभव आहे.

बाकापाशी जरीचे टोक तीन वेढ्यांनी बांधावे व जर मागे मोकळी सोडावी. मग मोरपिसाच्या डोळ्याजवळचे तीन-चार तंतू घ्यावे, त्यांच्या टोकांचा ठिसूळ भाग कापून टाकावा, आणि ते त्याच जागी बांधावे. आता दोरा पुढे नेढ्याकडे न्यावा. येथे शंभरातल्या नव्वद जणांची चूक होते : ते नेढ्याला अगदी भिडतात. नेढ्यामागे नेढ्याच्या दुप्पट जागा रिकामी राहिलीच पाहिजे. ती माशीच्या डोक्याची जागा. जो तेथे अंग आणून बसवितो त्याला पुढे गळपट्टीही बसविता येत नाही आणि डोकेही बांधता येत नाही, आणि शेवटी नेढे बुजून दोर ओवता येत नाही. आम्ही पडवीत एक नियम केला आहे : तेथे शाईने ठिपका द्यावयाचा आणि त्यापुढे जावयाचे नाही.

तंतू एकमेकांत हलकेच पिळून दांडीवर पुढे गुंडाळावे आणि ठिपक्यापाशी बांधावे. हिरवे-तांबूस, केसाळ असे अंग तयार होते. ते सुंदर दिसते, पण नाजूक असते. माशाच्या दातांनी वा खडकाने एक तंतू तुटला की सारे सुटते. म्हणून जर उलट्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे ओढीत, चार-पाच विरळ वेढ्यांनी पुढे आणावी आणि बांधावी. उलट्या दिशेने गेल्यामुळे ती प्रत्येक तंतूला आडवी दाबते. जर शोभेसाठी आहे असे मुलांना वाटते; ती मुळात बांधणीसाठी आहे.

आता गळपट्टी. मानेचे पीस निवडताना त्याचे केस पिंजारून गळाशी धरून पाहावे. टोकापासून दांडीपर्यंत जे अंतर असते त्याच्या दीडपट केस असले म्हणजे ठीक. बुडाचा भुसभुशीत कापूस ओरबाडून काढावा, उघडी पडलेली काडी ठिपक्यापाशी बांधावी, पिसाचे टोक दुसऱ्या चिमट्यात धरावे आणि दोन किंवा तीन वेढे, अधिक नाही, दांडीभोवती घ्यावे. प्रत्येक वेढ्याला केस बोटांनी मागे सारावे. टोक दोऱ्याखाली दाबून वरचे कापावे. नवशिक्याला वाटते की पीस जितके जास्त तितकी माशी भारी. पाण्यात ती भिजलेल्या झाडणीसारखी दिसते. तीन वेढे पुरे.

राहिले डोके. दोऱ्याच्या आठ-दहा वेढ्यांनी लहानसा शंकू करावा, आणि मग शेवट अशा रीतीने बांधावा की गाठीचा उंचवटा दिसू नये. क्रिकेटच्या बॅटीच्या मुठीला दोरा बांधणाऱ्याला ही रीत ठाऊक असते. दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा डोक्यावर आडवा धरावा, त्यावरून मुख्य दोऱ्याचे पाच वेढे घ्यावे, दोरा कापून त्याचे टोक फाशातून ओवावे, आणि फासा ओढून घ्यावा. टोक वेढ्यांच्या पोटात जाऊन बसते. त्यावर लाखेच्या व्हार्निशचा एक थेंब सुईच्या टोकाने द्यावा, आणि नेढ्यात गेलेले व्हार्निश ओले असतानाच पिसाच्या काडीने काढून टाकावे.

पहिली माशी वाकडी होते. आमच्या पडवीत ती फेकून देण्याची मुभा नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर टोचून खाली तारीख लिहावयाची. दहाव्या माशीनंतर पहिलीकडे पाहावे. पण दिसण्याआधी दुसरी परीक्षा आहे. माशी बुचात टोचावी, नेढ्यात दोर बांधून चांगला हिसका द्यावा. मग गळपट्टी बोटांत धरून फिरवून पाहावी. फिरली तर दोरा सैल होता. लोट्यातल्या पाण्यात सोडून पाहावे. ती बुडाली पाहिजे, आणि केस मिटून पुन्हा उघडले पाहिजेत.

ही परीक्षा आम्ही कशामुळे सुरू केली ते आता सांगतो. पुष्कळ वर्षांमागे, नर्मदेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या डोहावर, आम्ही स्वतः बांधलेली माशी घेऊन गेलो होतो. वर सांगितलेले नावाडीकाका सोबत होते. संध्याकाळी माशी घेतली ती वीतभर बाडसाने. इतक्या दिवसांनी बाडस! आम्ही हरखून गेलो. तो एकदा खडकाकडे वळला, दोर ताठ झाला आणि एकाएकी सैल पडला. दोर तुटला नव्हता. त्याची गाठ जशीच्या तशी होती. नेढ्याच्या फटीतून ती सरकून बाहेर आली होती. गळ विकत घेताना आम्ही नेढे पाहिले नव्हते, आणि काटाही दाबला नव्हता, कारण काटा दाबला की मासा निसटतो असे आम्ही त्या वेळी मानीत होतो. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोटासाठी धरला असता तर एक गोष्ट. तुमच्या हौसेचा काटा त्याच्या तोंडात राहिला.” त्यावर उत्तर नव्हते आणि आजही नाही. त्यानंतर दोन वर्षे आम्ही गळ हातात घेतला नाही. पुढे घेतला तो काटा दाबून, आणि नेढ्याच्या फटीवर दोऱ्याचे वेढे बसवून.

म्हणूनच पडवीतल्या ज्या मुलांना पाण्यावर जावयाचे असते त्यांना आम्ही बाडसाची माशी शिकवीत नाही. चिलव्याची शिकवितो. चिलवा म्हणजे बोटाएवढा, चांदीसारखा, पाण्याच्या अंगालगत थव्याने फिरणारा मासा. दतूनी, जामनेर ह्यांसारख्या नद्यांत तो आढळतो. चौदा-सोळा नंबरच्या गळावर नुसता काळा दोरा आणि पिसाचा दीड वेढा एवढी त्याची माशी. टॉमससाहेबानेही ह्या क्षुद्र माशाची थट्टा न करता त्याच्यासाठी बारीक माशी सांगितली आहे. चिलवा इतका चपळ की थव्यातल्या वीस जणांनी तोंड लावले तर एखादा सापडतो, आणि ओल्या हाताने गळ काढून त्याला लगेच पाण्यात सोडता येते. हात कोरडा असला तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो.

भाद्रपद-आश्विनात सोयाबीनच्या शेतांतून नाकतोडे नदीत उडून पडतात. त्यांच्यासाठी पिवळ्या लोकरीचे लांबट अंग आणि कोंबड्याचे ताठ पीस अशी तरंगती माशी बांधावी. उंबराखालच्या डोहात मासे पडलेली फळे खातात, म्हणून एका मुलाने तांबड्या लोकरीचा गोळा बांधला. त्याला माशी म्हणावे की नाही ह्यावर पडवीत अर्धा दिवस वाद झाला, आणि मासे अजून काहीच बोललेले नाहीत. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे निघतात तेव्हा पाण्यावर माशांची नुसती झिम्मड असते. पण तेव्हा काठी घरात. १९७२ च्या नदी मत्स्योद्योग नियमांप्रमाणे १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा बंदकाळ आहे. एरवीही मोठ्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्य महासंघाकडे आणि लहान तलावांचे सहकारी संस्थांकडे असतात. ज्यांची त्यावर चूल पेटते त्यांना विचारल्यावाचून दोर टाकू नये. घाटावर तर मुळीच टाकू नये. तेथे लोक माशांना लाह्या घालतात.

माश्या ठेवाव्यात त्या पत्र्याच्या किंवा लाकडी डब्यात, पूर्ण वाळवून. ओली माशी मिटली की गळ गंजतो. पिसांना कसर फार लवकर लागते. डब्यात डांबराची एक गोळी किंवा कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा आणि दर पावसाळ्यानंतर डबा उन्हात उघडून पाहावा. वडिलांच्या डब्याकडे आमचे मध्यंतरी काही वर्षे लक्ष नव्हते. सतरांपैकी पाच माश्यांची पिसे कसरीने खाल्ली. गळ आणि जरीचे वेढे तेवढे राहिले. ते आम्ही तसेच ठेवले आहेत, कारण उघड्या पडलेल्या त्या पाच गळांवर वडिलांनी दोरा कसा चालविला होता, पहिला वेढा कोठे घेतला आणि डोक्यासाठी किती जागा सोडली, हे मुलांना बोट ठेवून दाखविता येते.